छेद लहान झाला त्याचा इतिहास



कारखान्यात नवे यंत्र आले की जाणता कामगार तीन प्रश्न विचारतो. या यंत्रावर माल पूर्वीइतका चांगला निघतो का? ते चालवायला शिकण्यास किती दिवस लागतात? आणि शिकताना जे बिघडते त्याचा भुर्दंड कोणाच्या माथी बसतो? यंत्र विकणाराच्या जाहिरातीत या तिन्हींची उत्तरे नसतात. ती यंत्रापाशी उभे राहून, मोजून काढावी लागतात. आज मी ज्या यंत्राविषयी बोलणार आहे ते कापड विणत नाही की लोखंड कातत नाही. ते माणसाच्या पोटात शिरते. मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगावर दुर्बिणीतून जी शस्त्रक्रिया करतात ती कशी आली, तिच्यातल्या निरनिराळ्या रीती कोणत्या, त्यांतल्या कोणत्या टिकल्या आणि कशामुळे टिकल्या, हे सांगण्याचा माझा विचार आहे.

मी वैद्य नव्हे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि शब्दकोश उशाशी घेऊन. परंतु संघटनेचे काम करणाऱ्या माणसाला सभासदांच्या बरोबर रुग्णालयाच्या बाकावरही पुष्कळ वेळ बसावे लागते. डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, "दुर्बिणीने करू या की पोट उघडून?" घरची माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि मग सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. दुर्बिणीला पैसे जास्त, म्हणजे ती चांगली असणार, असे एकाला वाटते. डॉक्टर स्वतःच्या डोळ्यांनी न बघता पडद्यावर बघून कापणार, मग रोग आत राहून गेला तर, असे दुसऱ्याला वाटते. दोघेही अंदाजाने बोलत असतात. या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याची आज गरज उरलेली नाही, कारण ते उत्तर मिळवण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे माणसे खपली आहेत.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. मोठे आतडे सुमारे पाच फूट लांबीचे असते. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ते सुरू होते, वर चढते, आडवे जाते, डाव्या अंगाने खाली उतरते आणि कमरेच्या हाडांच्या खोबणीत गुदाशय म्हणून संपते. त्याच्या अस्तरावर गाठ होते. ती वाढत भिंतीतून बाहेर येते आणि रक्तवाहिन्यांच्या कडेने असलेल्या लसिकाग्रंथींतून पसरते. त्यामुळे नुसती गाठ काढून भागत नाही. आतड्याचा तो भाग, त्याला रक्त पुरवणारी धमनी आणि तिच्या काठच्या ग्रंथी हे सारे एकसंध काढावे लागते. म्हणजे शल्यवैद्यापुढे चार निवडी येतात. पोटात कसे शिरायचे? धमनी कोठे बांधायची? आजूबाजूच्या अवयवांपासून आतडे कोणत्या थरातून सुटे करायचे? आणि उरलेली दोन तोंडे कोठे व कशी जोडायची, किंवा जोडायचीच नाहीत? दुर्बिणीने बदलली ती मुख्यतः पहिली निवड. उरलेल्या तीन तिच्यापेक्षा कितीतरी जुन्या आहेत, आणि रुग्णाचे बरेवाईट बहुतांशी त्यांच्यावर ठरते. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा इतिहास सोपा होईल.

या इतिहासाची सुरुवात १९०८ सालापासून करणे सोयीचे आहे. लंडनचे शल्यवैद्य विल्यम अर्नेस्ट माइल्स हे पूर्वी गुदाशयाचा कर्करोग खालून, म्हणजे बैठकीच्या बाजूने, काढत असत. त्यांनी आपल्याच रुग्णांचा माग ठेवला. ५७ रुग्णांपैकी ५४ जणांना रोग पुन्हा झाला होता. एखादा मनुष्य हा आकडा कपाटात ठेवून स्वस्थ बसला असता. माइल्स यांनी मृतांच्या शरीरांची तपासणी केली, रोग वरच्या दिशेने ग्रंथींतून पसरतो हे पाहिले, आणि पोट व बैठक अशा दोन्ही बाजूंनी सारा गुदाशय काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आरंभीच्या बारा रुग्णांपैकी पाच जण दगावले. तरीही ती रीत टिकली, कारण जे जगले त्यांच्यात रोग परतण्याचे प्रमाण कमी दिसले. तिची किंमत मात्र जबर होती. गुदद्वार कायमचे बंद आणि पोटावर शौचाचे तोंड, जन्मभर.

त्याच १९०८ साली लीड्सच्या मॉयनिहन यांनी दुसरी बाजू मांडली. डाव्या बाजूच्या आतड्याला रक्त पुरवणारी मोठी धमनी थेट महाधमनीपाशी, अगदी मुळाशी बांधावी, म्हणजे जास्तीत जास्त ग्रंथी हाती लागतात, असे त्यांचे म्हणणे. माइल्स ती धमनी खाली, एक फांदी सोडून बांधत. खाली बांधल्यास उरलेल्या आतड्याला रक्त जास्त मिळते. वर बांधल्यास ग्रंथी जास्त निघतात. हा वाद एका शतकानंतर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही जसाच्या तसा उभा राहिला. त्याकडे पुढे येतो.

पोटावरच्या तोंडातून सुटका व्हावी हा पुढच्या काळातला मोठा ध्यास होता. १९२१ साली पॅरिसच्या हार्टमन यांनी गाठ काढून खालचे टोक शिवून ठेवण्याची आणि वरचे टोक पोटावर आणण्याची रीत सांगितली. तिने निदान जीव वाचे. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या क्लॉड डिक्सन यांनी १९४८ साली आपला मोठा अनुभव प्रसिद्ध केला आणि गुदाशयाच्या वरच्या भागातली गाठ काढून दोन्ही टोके पुन्हा जोडता येतात, व तसे केल्याने रुग्णाच्या आयुष्यावर घाला येत नाही, हे दाखवले. अडचण राहिली ती खोल खोबणीत हाताने टाके घालण्याची. तेथे यंत्र मदतीला आले. बुडापेस्टच्या ह्युमेर ह्युल्टल यांनी टाके घालणारे पहिले यंत्र केले होते तेही १९०८ सालीच. त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक होते. पुढे सोव्हिएत संघात या यंत्रांवर चिकाटीने काम झाले. १९५८ साली अमेरिकन शल्यवैद्य मार्क रॅव्हिच तेथे गेले, त्यांनी ती यंत्रे पाहिली आणि एक बरोबर घेऊन परतले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस गोल स्टेपलर प्रचारात आला, आणि ज्यांच्या पोटावर पूर्वी कायमचे तोंड आले असते अशा पुष्कळ रुग्णांचे आतडे खोल जागी जोडता येऊ लागले. दोन महासत्ता एकमेकींवर रोखून बसल्या होत्या त्या काळात कामाचे हत्यार सरहद्द ओलांडून गेले, ही गोष्ट मला नोंदवण्यासारखी वाटते.

या सुटकेचे मोल काय, ते आमच्या माणसांना विचारावे. एका कारखान्यात बांधणी खात्यात काम करणारा आमचा एक सभासद शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, "भाऊ, जगेन की मरेन ते डॉक्टर बघतील. पोटाला पिशवी लागली तर मला पुन्हा पाळीवर घेतील का, तेवढे सांगा." त्याला पिशवी लागली. कारखान्याने त्याला घेतले, पण ओझे उचलता येत नाही म्हणून हलक्या कामावर आणि हलक्या पगारावर. पुस्तकांत ज्याला जीवनाची गुणवत्ता म्हणतात, ती आमच्याकडे महिन्याच्या सात तारखेला हाती पडते. शस्त्रक्रियेची रीत निवडणे ही केवळ डॉक्टरांची अंतर्गत बाब नाही, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

जोडणीचा प्रश्न असा सुटत चालला, तरी गुदाशयाचा रोग त्याच जागी परतणे थांबेना. त्या काळात दर चार-पाच रुग्णांत एकाला तरी कमरेच्या खोबणीत रोग पुन्हा होई. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या गावच्या बिल हील्ड यांनी १९८२ साली याचे कारण मांडले. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टण असते आणि त्याच्यावर पातळ आवरण असते. रोगाचे बारीक कण या चरबीत असतात. हात घालून ओढून काढले की वेष्टण फाटते आणि कण मागे राहतात. आवरणाच्या बाहेरच्या थरातून, डोळ्यांनी पाहत, धारदार हत्याराने, सारे वेष्टण अखंड काढले तर रोग परतत नाही. त्यांच्या हाती हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आले. लीड्सच्या फिलिप क्वर्क यांनी १९८६ साली याला दुसऱ्या अंगाने पुष्टी दिली. काढलेल्या भागाचे आडवे काप करून त्यांनी ५२ रुग्णांचे तुकडे तपासले. १४ जणांत रोग कापलेल्या कडेपर्यंत पोचलेला होता, आणि ज्यांना रोग परतला ते जवळजवळ सारे या चौदांतलेच होते. म्हणजे शल्यवैद्याच्या हाताची सफाई आता दुसऱ्या माणसाला सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येऊ लागली. आमच्या भाषेत सांगायचे तर खात्यात मालाची तपासणी करणारा माणूस बसला.

आता दुर्बिणीकडे वळू. १९०१ साली जर्मनीत गेओर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून, मूत्राशय पाहण्याच्या नळीने आत डोकावून दाखवले. १९१० साली स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी माणसावर तोच प्रयोग केला. पुढे कित्येक दशके हे काम पाहण्यापुरतेच राहिले. कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी पोटात वायू मोजून भरणारे यंत्र आणि आत काम करण्याची हत्यारे तयार केली आणि १९८० साली दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले. त्यांचे कौतुक होण्याऐवजी त्यांना व्यवसायातून दूर करावे अशी मागणी झाली. १९८५ साली ब्योब्लिंगेन येथे एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. तेव्हाही जर्मन शल्यवैद्यांनी तोंड फिरवले. १९८७ साली फ्रान्समध्ये ल्यों येथील फिलिप मूरे यांनी तेच केले, आणि मग मात्र जगाने ते उचलून धरले. आपल्या मुंबईचा येथे मानाने उल्लेख केला पाहिजे. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७२ पासून दुर्बिणीने पोट तपासण्याचे काम चालवले होते, आणि १९९० साली तेथेच त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. तेही सरकारी रुग्णालयात, गरिबांच्या खाटेवर. ते २०२३ साली निवर्तले.

पित्ताशय ही लहान पिशवी. आतडे लांब, रक्तवाहिन्यांनी बांधलेले. मायामीच्या मॉइझेस जेकब्ज यांनी १९९० साली दुर्बिणीच्या साहाय्याने मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला आणि १९९१ साली वीस रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रीत साधारण अशी: बेंबीपाशी एक आणि इतरत्र तीन-चार छोटी भोके पाडायची, कार्बन डायऑक्साइड वायूने पोट तंबूसारखे उभारायचे, एका भोकातून कॅमेरा व उरलेल्यांतून लांब दांड्याची हत्यारे घालायची आणि पडद्यावर बघत काम करायचे. शेवटी काढलेला भाग बाहेर घेण्यापुरता एक लहान छेद द्यायचा. वेदना कमी, रुग्ण लवकर उठून बसतो. नव्याची नवलाई सर्वत्र पसरली.

आणि मग धोक्याची घंटा वाजली. ज्या भोकांतून हत्यारे घातली त्याच जागी, पोटाच्या भिंतीत, कर्करोगाच्या गाठी उगवल्याच्या बातम्या येऊ लागल्या. १९९४ साली नेदरलँड्समधील शल्यवैद्यांनी आपल्या १४ रुग्णांपैकी तिघांत असे घडल्याचे स्वतःहून प्रसिद्ध केले. १४ पैकी ३! पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत जखमेत रोग उगवणे फार विरळ. वायूच्या दाबाने पेशी पसरतात की काय, हत्याराला चिकटून येतात की काय, असे तर्क सुरू झाले. या प्रसंगी जे घडले तो या इतिहासाचा गाभा आहे असे मी मानतो. अमेरिकेतल्या मोठ्या आतड्याच्या शल्यवैद्यांच्या संस्थेने सांगितले की, कर्करोगावर ही शस्त्रक्रिया यापुढे पद्धतशीर तुलनेच्या चौकटीतच करावी. पित्ताशयाच्या वेळी बाजाराने निर्णय दिला होता. या वेळी बाजाराला थांबवून मोजणी सुरू झाली.

मोजणीची रीत साधी आणि न्याय्य आहे. रुग्णांची संमती घ्यायची आणि कोणाला कोणती शस्त्रक्रिया हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, म्हणजे बरे रुग्ण एका बाजूला आणि अत्यवस्थ दुसऱ्या बाजूला असा डाव होत नाही. अमेरिकेत ४८ संस्थांत १९९४ पासून ८७२ रुग्ण असे वाटून दिले. भाग घेणाऱ्या शल्यवैद्याने आधी किमान वीस अशा शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात आणि आपल्या कामाची न कापलेली चित्रफीत दाखवावी, अशी अट होती. २००४ साली निकाल आला. तीन वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, पोट उघडलेल्या गटात १८ टक्के, म्हणजे दोन्ही सारखे. जखमेत रोग उगवण्याचे प्रमाण दोन्हींत एक टक्क्याहून कमी. रुग्णालयातला मुक्काम सहाऐवजी पाच दिवस. घंटा वाजवणारे खोटे बोलले नव्हते. सफाईने, काढलेला भाग पिशवीत किंवा जखमेला आच्छादन घालून बाहेर घेतल्याने, धोका आटोक्यात आला होता. आणि ज्यांनी दुर्बिणीचे ढोल वाजवले होते त्यांचीही वेळ आली: फायदा खरा होता, पण तो एका दिवसाचा होता, चमत्काराचा नव्हे.

ब्रिटनमध्ये ७९४ रुग्णांची तुलना २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात गुदाशयाचे रुग्णही होते, आणि तिने आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले. दुर्बिणीने सुरुवात करून मध्येच पोट उघडण्याची पाळी पहिल्या वर्षी ३८ टक्के रुग्णांवर आली. सहाव्या वर्षी ती १६ टक्क्यांवर उतरली. एकूण प्रमाण २९ टक्के. ज्यांचे पोट असे मध्येच उघडावे लागले त्यांना त्रास अधिक झाला. श्रोतेहो, हे ३८ आणि १६ यांमधले अंतर म्हणजे शिकाऊपणाची किंमत आहे, आणि ती टेबलावर निजलेल्या माणसाने दिली आहे.

गुदाशयाच्या बाबतीत वाद अधिक काळ चालला, कारण खोबणी अरुंद आणि वेष्टण अखंड राखणे अवघड. आठ देशांतील ३० रुग्णालयांत १०४४ रुग्णांची तुलना झाली. २०१५ साली कळले की तीन वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण दोन्ही गटांत ५ टक्के. पण त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतल्या ४८६ आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ४७५ रुग्णांच्या तुलनांत तुकड्याची तपासणी मुख्य मानली गेली, आणि दुर्बिणीची रीत पोट उघडण्याच्या रीतीपेक्षा कमी नाही असे सिद्ध होऊ शकले नाही. पुढे या रुग्णांचा माग घेतला तेव्हा रोगमुक्त राहण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून मी एवढेच घेतो: आतड्याच्या वरच्या भागासाठी दुर्बीण निश्चिंतपणे निवडावी, गुदाशयासाठी मात्र हात पाहून निवडावी.

दुर्बीण घेतली तरी आतल्या निवडी संपत नाहीत. जुने शल्यवैद्य आतड्याची बाहेरची कड आधी सोडवत आणि मग मधल्या रक्तवाहिन्यांकडे येत. दुर्बिणीतून काम करणारे बहुतेक जण उलटे करतात: आधी मधली धमनी बांधायची आणि मग आतून बाहेर यायचे. बाहेरची कड शेवटपर्यंत अडकलेली राहिल्याने आतडे मध्ये लोंबत नाही आणि नजरेसमोर जागा मोकळी राहते. गाठीला हात लावण्यापूर्वी रक्तवाहिन्या बांधाव्यात हे क्लीव्हलँडच्या टर्नबुल यांनी १९६७ सालीच सांगितले होते. दुर्बिणीवाल्यांनी ते सोयीसाठी स्वीकारले.

माइल्स आणि मॉयनिहन यांचा जुना वाद इटलीत दुर्बिणीच्या २१४ रुग्णांवर तपासला गेला; निकाल २०१९ साली आला. धमनी वर बांधा की खाली, जोड गळण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. परंतु खाली बांधलेल्यांत लघवीची आणि लैंगिक क्रिया अधिक चांगली राहिली, कारण मुळाशी असलेल्या नाजूक नसा वाचल्या. १११ वर्षांच्या वादात रुग्णाच्या संसाराचा विचार इतक्या उशिरा मोजणीत आला. तरी आला हे खरे.

उजव्या बाजूचे आतडे काढल्यावर जोड पोटाच्या आतच द्यायचा की आतडे बाहेर ओढून द्यायचा, हीही एक निवड. आत जोडणे कठीण, शिकायला वेळ लागतो. पण आतडे ओढावे लागत नाही, ते लवकर चालू लागते, आणि काढलेला भाग कोठूनही बाहेर घेता येतो. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बेंबीच्या रेषेत उभा छेद दिला तर पुढे हर्निया होण्याचा संभव अधिक. ओटीपोटावर फानेनश्टील यांचा आडवा छेद दिला तर तो बराच कमी. ज्याला जन्मभर ओझे उचलायचे आहे त्याच्यासाठी छेद किती लांब यापेक्षा तो कोठे, हा प्रश्न मोठा आहे.

आणखी एक गोष्ट. कोपनहेगनच्या हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात दाखवले की शस्त्रक्रियेनंतर उपाशी ठेवणे, नळ्या लावून निजवून ठेवणे या जुन्या चालींनीच रुग्ण अडकून पडतो. लवकर खायला द्या, लवकर चालवा, वेदना नीट आवरा. नेदरलँड्समध्ये ४०० रुग्णांवर दुर्बीण व ही नवी शुश्रूषा यांच्या चारही जोड्या करून पाहिल्या. २०११ साली निकाल आला. दोन्ही एकत्र असलेल्यांचा मुक्काम सर्वांत कमी, पाच दिवस, इतरांचा सहा-सात. यातला मोठा वाटा परिचारिकेचा आहे. यंत्र विकत घेता येते. पुरेशा परिचारिका नेमल्याशिवाय त्याचे पुरते फळ मिळत नाही. हे वाक्य मी संघटनेचा माणूस म्हणून म्हणतो, आणि आकडे माझ्या बाजूला आहेत.

मग यंत्रमानव आला. म्हणजे दुर्बिणीची हत्यारे यंत्राच्या हातांत आणि शल्यवैद्य बाजूला बसून ते हात चालवणार. २०१७ साली ४७१ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. मध्येच पोट उघडण्याची पाळी यंत्रमानवाच्या गटात ८.१ टक्के, साध्या दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के, हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान ठरला. पुढे चीनमध्ये अनुभवी हातांनी केलेली, बाराशेहून अधिक रुग्णांची तुलना २०२२ साली आली. तिच्यात कडेला रोग उरण्याचे प्रमाण यंत्रमानवाने ४ टक्के, दुर्बिणीने ७.२ टक्के. खोल गुदाशयासाठी यात काही सत्त्व आहे असे दिसते. पण यंत्र मोलाचे आहे, आणि त्याचे पैसे कोणीतरी भरतोच.

शेवटची हकीकत नॉर्वेची. गुदाशय वरून काढणे अवघड, म्हणून २०१०च्या सुमारास खालून, गुदद्वारातून दुर्बीण घालून वर सरकत वेष्टण सोडवण्याची रीत निघाली. कल्पना हुशारीची होती आणि ती झपाट्याने पसरली. नॉर्वेत १९९३ पासून गुदाशयाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद ठेवतात. त्या देशात १५७ रुग्णांवर ही रीत वापरल्यावर शल्यवैद्यांच्या ध्यानात आले की रोग लवकर आणि एकाच वेळी अनेक जागी परततो आहे. अडीच वर्षांच्या आत परतण्याचे अनुमानित प्रमाण ११.६ टक्के निघाले. राष्ट्रीय नोंदीतील इतर रुग्णांत ते २.४ टक्के होते. त्यांनी देशभर ती रीत थांबवली आणि आकडे जगापुढे ठेवले. इतर देशांतल्या काही अनुभवी केंद्रांचे निकाल इतके वाईट नव्हते, म्हणून वाद मिटलेला नाही. पण नॉर्वेला थांबता आले, कारण तेथे वही होती. जेथे वही नसते तेथे रोग परतलेला माणूस आपल्या गावी जातो, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, आणि त्याच्या मरणाने कोणाचाच आकडा बदलत नाही.

आरंभीच्या तीन प्रश्नांची उत्तरे आता देता येतात. माल पूर्वीइतका चांगला निघतो का? शिकलेल्या हाती, मोठ्या आतड्यासाठी निःसंशय. गुदाशयासाठी निवडक हाती. शिकायला किती लागते? दिवस नव्हे, वर्षे. भुर्दंड कोणावर? रुग्णावर, आणि तो कमी करण्याचे उपाय तीनच: आधी शिकवणे, मग तपासणे, आणि सतत नोंदवणे.

आपल्या देशात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे, परंतु ज्यांना होतो त्यांच्यात हातावर पोट असणारे पुष्कळ आहेत. १९४१ साली परळच्या गिरणगावात टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. उपचार हा हक्क आहे एवढे आपण मिळवले. आता उपचाराचा हिशेब हाही हक्क आहे, इतके पुढे जाण्याची वेळ आली आहे. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाने "दुर्बिणीने की उघडून?" या प्रश्नाला उत्तर देण्याआधी नम्रपणे चार गोष्टी विचाराव्यात. आपण अशा किती केल्या आहेत? त्यांतल्या किती वेळा मध्येच पोट उघडावे लागले? काढलेल्या भागाच्या कडा निर्वेध असल्याचा अहवाल आम्हाला मिळेल का? आणि पोटावर तोंड काढावे लागले तर ते कायमचे की तात्पुरते? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. माइल्स यांना ५७ पैकी ५४ हा आकडा कोणी विचारला नव्हता. तो त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला, आणि तेथूनच ही सारी विद्या पुढे सरकली.

छेद लहान झाला ही चांगली गोष्ट झाली. वही मोठी व्हावी, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.